शब्दचर्चा : ‘लागणे’ कुठे कुठे लागते?

गेल्या अंकात एका वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देताना ‘घाट लागला की तिला गाडी लागते’ हे वाक्य उदाहरण म्हणून दिले होते. लिहिताना त्यात काही विशेष आहे असे मला वाटले नव्हते. परंतु एकाच वाक्यात दोनदा आलेले ‘लागणे’ दोन्ही वेळा निराळ्या अर्थाने आले आहे, हे वाचकांनी बरोबर हेरले आणि त्यावर इतकी पत्रे आली की हा अंक त्या एका क्रियापदालाच द्यावा लागला. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रश्न पुढे दिले आहेत.

प्रश्न : मी अनेक वर्षे मराठी शिकवले. कोशात ‘लागणे’ पाहिले तर स्पर्श होणे, पेटणे, सुरू होणे, मिळणे, आवश्यक असणे, दुखापत होणे, चव जाणवणे, नाते असणे अशी न संपणारी यादी दिसते. एका शब्दाला खरोखर इतके अर्थ असतात का, आणि विद्यार्थ्यांनी ते सगळे पाठ करावेत का?

उत्तर : नसतात, आणि पाठ तर मुळीच करू नयेत. कोशकाराची अडचण समजण्यासारखी आहे. प्रत्येक वापरासमोर त्याला दुसरा एखादा शब्द ठेवून दाखवावा लागतो, आणि ‘आग लागली’समोर ‘पेटली’, ‘नोकरी लागली’समोर ‘मिळाली’, ‘सुट्टी लागली’समोर ‘सुरू झाली’ असे शब्द ठेवता ठेवता यादी लांबत जाते. 1831 साली निघालेल्या आणि 1857 साली सुधारून पुन्हा छापलेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तर हे अटळच होते, कारण तिथे समोर ठेवायचा शब्द परक्या भाषेतला होता आणि आग, भूक व नोकरी या तिघींना चालेल असे एकच क्रियापद त्या भाषेजवळ नव्हते. म्हणजे यादीची लांबी पर्यायी शब्दांची संख्या सांगते. ती अर्थांची संख्या मानण्याची चूक आपण करतो.

माझ्या मते या क्रियापदाचा अर्थ एकच आहे : येऊन भिडणे, चिकटणे. संस्कृतातील ‘लग्’ धातूचा अर्थ हाच. त्याचे ‘लग्न’, म्हणजे चिकटलेले, हे रूप प्राकृतात ‘लग्ग’ झाले आणि मराठीत त्यातले जोडाक्षर सुटून, आधीचा स्वर लांबून, ‘लाग’ उरले. ‘नग्न’ याच वाटेने ‘नागडा’पर्यंत पोहोचला आणि ‘अग्नि’ ‘अग्गि’वरून ‘आग’ झाला. त्यामुळे ‘आग लागली’ या दोन शब्दांच्या वाक्यातले दोन्ही शब्द एकाच जात्यातून निघालेले आहेत, ही गंमत जाता जाता नोंदवून ठेवतो.

अर्थ एकच असेल तर वापर इतके वेगळे का भासतात, हे एका चष्म्यावरून पाहता येईल. ‘तिला यंदा चष्मा लागला’ म्हणजे तिच्या डोळ्यांची तपासणी झाली आणि आजवर नसलेला चष्मा आता तिला कायमचा जडला. ‘तिला वाचायला चष्मा लागतो’ म्हणजे वाचनाच्या कामाला चष्मा जोडल्याशिवाय ते काम होत नाही. ‘तिला हा चष्मा कानामागे लागतो’ म्हणजे त्याची काडी कातडीला घासते. कोश यांना तीन अर्थ म्हणेल : मिळणे, आवश्यक असणे, रुतणे. परंतु तिन्ही ठिकाणी क्रियापद एवढेच सांगते की चष्मा आणि ती यांची गाठ पडली; एकदा नव्याने पडली, एकदा कामापुरती पडते, एकदा नको तिथे पडते. बाकी सारे काळ सांगतो, ‘वाचायला’ सांगते आणि ‘कानामागे’ सांगते. विद्यार्थ्याला शिकवायचे असेल तर हे बाकीचे शब्द वाचायला शिकवावे.

या म्हणण्याची एक सोपी पारख आहे. चिकटलेल्याच्या उलट काय, तर सुटलेले. तेव्हा ‘लागणे’ जिथे असेल तिथे त्याचा शेवट ‘सुटणे’ने होतो का ते पाहावे. गाडी फलाटाला लागते आणि फलाटावरून सुटते. ग्रहण लागते आणि सुटते. सवय लागते आणि सुटते, नाद लागतो आणि सुटला तर सुटतो, नोकरी लागते आणि सुटते. यांतल्या कशालाही ‘सुटणे’ लावताना आपण क्षणभरही अडखळत नाही, याचा अर्थ मराठी माणसाच्या डोक्यात ‘लागणे’ हे चिकटण्याचेच क्रियापद म्हणून बसलेले आहे. पारख सगळीकडे उतरत नाही, हेही सांगितले पाहिजे. आग सुटत नाही, विझते. झोप उडते किंवा मोडते. भूक आणि तहान भागतात. प्रत्येकीला आपापली जाण्याची वाट आहे.

आता ज्या वाक्याने हे सुरू झाले ते. घाट आपल्याला लागतो, नदी वाटेत लागते, पुढे एक गाव लागते. वास्तविक हलणारे आपण असतो आणि घाट जागचा हलत नाही, तरी वाक्यात आपणच स्थिर आणि घाट येऊन भिडणारा. ‘गाडी लागते’ यात मात्र गाडीचे हलणे अंगाला जाऊन चिकटते आणि बाधते, जसे ऊन लागते. तीच गाडी स्थानकात उभी राहिली तरी ‘लागते’, पण तेव्हा ती फलाटाला लागलेली असते. ‘गाडी लागली’ एवढेच कोणी म्हटले तर सामान उचलायचे की लिंबू शोधायचे, हे म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावे.

एक सावधगिरी. सगळ्या प्रयोगांमागे स्पर्श शोधायच्या नादात मनाच्या कथा रचू नयेत. एका पत्रात असे लिहिले आहे की परीक्षेचा निकाल भिंतीवर लावतात, म्हणून तो ‘लागतो’. हे ऐकायला छान आहे, परंतु भांडणाचा, दाव्याचा, शिल्लक कामाचा निकालही लागतोच आणि त्याला भिंतीची गरज नसते. ‘निकाल’ म्हणजे एकदाचे निघणे, मोकळे होणे, आणि ते प्रकरणाला येऊन भिडले की निकाल लागला. फलकाशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : ‘झोप येते’ आणि ‘झोप लागते’ यांत फरक काय? आणि भूक, तहान लागते तर ताप ‘येतो’ आणि थंडी ‘वाजते’ असे का?

उत्तर : पहिल्या जोडीतला फरक रोजच्या अनुभवातला आहे. झोप येते तेव्हा आपण जागे असतो. डोळे जड होतात, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. झोप लागते तेव्हा आपण नसतोच. म्हणून ‘मला झोप येत आहे’ असे म्हणता येते, पण ‘मला झोप लागत आहे’ असे खुद्द झोपणाऱ्याला म्हणता येत नाही. ‘मला कधी झोप लागली ते कळलेच नाही’ हेच त्याचे खरे वाक्य. येणे ही जवळ येण्याची क्रिया आणि लागणे ही गाठण्याची. निद्रानाश असलेल्याची तक्रार यामुळे एका वाक्यात मावते : झोप येते, पण लागत नाही.

शरीराच्या इतर गोष्टींतही हा फरक बराच दूरपर्यंत टिकतो. शिंक येते, जांभई येते. एकदा आली, गेली. उचकी, धाप आणि ढास लागतात, ठसका लागतो, कारण त्या एकदा धरल्या की काही काळ सोडत नाहीत. भूक आणि तहान यांचेही तसेच, काही पोटात जाईपर्यंत त्या चिकटून असतात. असा नियम सांगून मी मोकळा झालो असतो, पण ताप आडवा येतो. तो चार-चार दिवस मुक्काम करतो आणि तरी त्याला आपण ‘आला’ म्हणतो, बहुधा तो बाहेरून आलेला पाहुणा आहे असे मानून. त्याच्या जाण्यालाही ‘उतरला’ असे वेगळेच क्रियापद आहे. तेव्हा हा नियम नसून कल आहे, असे समजावे.

थंडीचे ‘वाजणे’ या सगळ्यांपासून अलग आहे. हिंदीत ठंड ‘लगती है’, मराठीत ती वाजते, आणि ऊन मात्र दोन्हीकडे लागते. एकाच ऋतुचक्रातल्या दोन गोष्टींना भाषेने दोन क्रियापदे का द्यावीत याचे तर्कशुद्ध उत्तर मागू नये. मराठी शिकणाऱ्याने ‘थंडी वाजते’ हा जोड जसाच्या तसा उचलावा.

प्रश्न : ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली, आणि ‘डोळे लागले’ म्हणजे वाट पाहून डोळे शिणले. एकाचे अनेक झाले की झोपेची जाग कशी होते?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत आवडला. ‘दुपारी जरा डोळा लागला’ यात पापणीला पापणी लागते, आणि झोप न येणाऱ्याचे ‘डोळ्याला डोळा लागत नाही’ हे वाक्य तेच उघड करून सांगते. ‘तिचे वाटेकडे डोळे लागले आहेत’ यात डोळे एकमेकांना लागलेले नसून वाटेला लागलेले आहेत. भिडण्याची क्रिया दोन्हीकडे आहे; काय कशाला भिडले ते बदलले आहे. एकवचन आणि अनेकवचन ही नुसती खूण आहे, कारण मिटण्याला आपण ‘डोळा’ म्हणतो आणि पाहण्याला ‘डोळे’.

अशीच उलथापालथ विभक्तीच्या प्रत्ययाने होते, आणि ती अधिक नेमाने होते. ‘अभ्यासात मन लागले’ ही सुखाची गोष्ट. ‘त्याचे बोलणे मनाला लागले’ ही दुःखाची. मन स्वतः जाऊन कशाला चिकटले तर रमते आणि काही येऊन मनाला चिकटले तर दुखते. हाताची उदाहरणे पाहा. ‘कामाला चार हात लागले’ म्हणजे मदत झाली, ‘जुनी वही हाती लागली’ म्हणजे सापडली, ‘हाताला लागले’ म्हणजे जखम झाली. मूल पडते, घरातले कोणी धावत येते आणि विचारते, ‘लागले का?’ काय लागले, हे कोणी विचारत नाही आणि मूलही सांगत नाही. ते नुसते ‘गुडघ्याला’ म्हणते. सगळी नामे गळून पडलेले ‘लागणे’ शिल्लक राहते तेव्हा त्याचा अर्थ दुखणे एवढाच असतो. सुखाच्या लागण्याला मात्र, नोकरी असो की सूर असो, नाव सांगावेच लागते.

तोंड आणि कान यांबद्दलही काहींनी विचारले आहे. ‘तोंडी लागणे’ म्हणजे उलट उत्तरे देत वाद घालणे आणि ‘कानाला लागणे’ म्हणजे जवळ जाऊन कुजबुजणे, बहुधा कोणाविषयी तरी. अवयव कोणताही घ्या, त्याच्याजवळ कोण गेले ते पाहिले की अर्थ उलगडतो.

प्रश्न : ‘मला जावे लागले’, ‘मी जाऊ लागलो’ आणि ‘मला जायला लागले’ यांपैकी शुद्ध कोणते? घरी सर्रास तिसरे बोलले जाते आणि शाळेत ते लाल शाईने खोडले जाते.

उत्तर : पहिली दोन वाक्ये लेखनात निर्विवाद आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पहिल्यात सक्ती आहे, दुसऱ्यात आरंभ. तिसरे बोलीतले आहे आणि त्याचा अर्थ पहिल्यासारखा आहे. लाल शाई लेखनापुरती मान्य करू. बोलण्यात ‘जायला लागले’ म्हणणाऱ्याला कोणी चुकीचे ठरवू नये, कारण ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. ‘मुले धावायला लागली’ आणि ‘मुलांना धावायला लागले’ ही वाक्ये शेजारी ठेवली की कळते : धातूचे रूप तेच असले तरी ‘मुले’ आणि ‘मुलांना’ यांवरून आरंभ की सक्ती हे ताबडतोब ठरते. वऱ्हाडात तर ‘मले जा लागते’ असे आणखी आटोपशीर रूप आहे, आणि सक्तीचा अर्थ त्यात तसूभरही कमी होत नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने या जोडीत खरी पाहण्यासारखी गोष्ट निराळी आहे. ‘तिने पत्र वाचले’ असे आपण म्हणतो, पण ‘तिने पत्र वाचू लागले’ असे कधीच म्हणत नाही. तिथे ‘ती पत्र वाचू लागली’ असेच येते. ‘वाचणे’ सकर्मक आहे, परंतु ‘लागणे’ अकर्मक आहे, आणि दोन क्रियापदे जोडली की कर्त्याला ‘ने’ लागावा की नाही हे शेवटचे क्रियापद ठरवते. सक्तीच्या वाक्यात ती आणखी मागे सरकते : ‘तिला चिठ्ठी वाचावी लागली’, ‘तिला चिठ्ठ्या वाचाव्या लागल्या’. इथे क्रियापद तिच्याकडे पाहतही नाही, ते चिठ्ठीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. सक्ती झालेल्या माणसाचे वाक्यात काही चालू नये, हे मला फार अर्थपूर्ण वाटते, जरी व्याकरणाने ते तसे ठरवून केलेले नसले तरी.

याच प्रश्नाला जोडून एका वाचकाने ‘जावे लागते’ आणि ‘जायला हवे’ एकच आहेत का, असे विचारले आहे. नाहीत. ‘मला पहाटे उठायला हवे होते’ असे म्हणणारा बहुधा उठलेला नसतो; तो पश्चात्ताप सांगत असतो. ‘मला पहाटे उठावे लागले’ असे म्हणणारा उठलेला असतोच; तो तक्रार सांगत असतो. ‘हवे’ हा मनातला निर्णय आहे, तो पाळला जाईल किंवा न जाईल. ‘लागले’ म्हटले की गोष्ट घडून गेली, कारण ती येऊन अंगाला भिडली होती. अर्ज, खुलासे आणि माफीपत्रे लिहिताना हा भेद पाळला तर पुढचे बरेच प्रश्न टळतात.

प्रश्न : माझे शिक्षण हिंदीतून झाले. ‘मला लागते की तो येणार नाही’ हे वाक्य मी बोलले आणि सगळे हसले. यात चूक काय?

उत्तर : हसणाऱ्यांचे चुकले. तुमच्या वाक्यात चूक आहे, पण ती समजण्यासारखी आहे. हिंदीतील ‘लगना’ आणि मराठीतील ‘लागणे’ सख्खी भावंडे आहेत, परंतु त्यांनी घरे वेगळी थाटली आहेत. मनात येणाऱ्या विचाराला, अंदाजाला आणि भावनेला हिंदी ‘लगना’ वापरते. मराठीने ते सगळे ‘वाटणे’कडे सोपवले आहे. म्हणून ‘मला वाटते की तो येणार नाही’, ‘मला बरे वाटते’, ‘मला भीती वाटते’. मराठीतले ‘लागणे’ जिभेपर्यंत जाते आणि तिथेच थांबते : गोड लागते, कडू लागते, आज तोंडाला काहीच चांगले लागत नाही. त्यामुळे ‘तुझे गाणे मला छान लागले’ असे म्हटले की मराठी कानाला ते गाणे कोणीतरी चाखून पाहिल्यासारखे वाटते. ‘वाटणे’ मनाचे, ‘लागणे’ अंगाचे, एवढे लक्षात ठेवले तर दहातली नऊ वाक्ये बरोबर येतील. दहावे ‘मनाला लागले’ हे आहे, आणि तिथे मनाला अंगासारखे वागवून जखम केली आहे.

प्रश्न : शास्त्रज्ञाने शोध ‘लावला’ म्हणावे की शोध ‘लागला’?

उत्तर : दोन्ही म्हणावे, पण विचार करून. ‘लावणे’ हे ‘लागणे’चेच करविते रूप मानायला हरकत नाही : दिवा लागतो, कोणीतरी तो लावतो, दार लागते, कोणीतरी ते लावते. ‘लावला’ म्हटले की करणारा पुढे येतो, ‘लागला’ म्हटले की घडलेले पुढे येते. अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीतले जंतू बुरशीभोवती नाहीसे झालेले त्याला 1928 साली दिसले. ती बुरशी त्याने मुद्दाम वाढवली नव्हती, ती बशीत आपोआप आली होती. अशा वेळी ‘पेनिसिलिनचा शोध लागला’ हे मला अधिक नेमके वाटते. याउलट वर्षानुवर्षे एकाच गोष्टीच्या मागे लागून ती साधणाऱ्याला ‘शोध लावला’चे श्रेय द्यावे. पाठ्यपुस्तके सरसकट ‘लावला’ लिहितात, त्यात योगायोगाचा वाटा पुसला जातो.

‘अर्थ लागणे’ आणि ‘अर्थ लावणे’ यांतही हाच भेद आहे आणि तो टीकाकारांनी तरी विसरू नये. कवितेचा अर्थ लागला, तर तो कवितेतून आपल्यापर्यंत आला. अर्थ लावला, तर तो कदाचित आपणच तिथे नेऊन ठेवला.

प्रश्न : रोगाची ‘लागण’ आणि उसाची ‘लागण’ हा एकच शब्द आहे का?

उत्तर : एकच. रोग एका अंगावरून दुसऱ्या अंगाला लागतो, ऊस मातीला लागतो. पहिल्या पिकाला ‘लागण’ आणि तोडणीनंतर त्याच खोडांतून फुटलेल्या पिकाला ‘खोडवा’ हे ऊसकऱ्यांचे रोजचे शब्द आहेत. रोप नव्या जागी जगले की ‘रोप लागले’ असे म्हणतात, तेही यातलेच. संध्याकाळच्या वेळेला ‘दिवेलागण’ म्हणतात. तीही हीच लागण, आणि माझ्या मते तिघींत सर्वांत देखणी.

प्रश्न : जुन्या पुस्तकांत ‘लागणें’ असा अनुस्वार दिसतो. तो का गेला?

उत्तर : उच्चारात नव्हता म्हणून. शासनाने 1962 साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे असे अनुस्वार काढून टाकले. ‘लागलं’, ‘करावं लागतं’ यांवर आज दिसणारा अनुस्वार वेगळा आहे. तो बोलण्यातल्या ‘ए’च्या जागी येणाऱ्या लांबट ‘अ’ची खूण आहे आणि संवाद लिहिताना तो द्यावाच.

प्रश्न : ‘लग्न लागले’ यात एकच धातू दोनदा आला आहे असे ऐकले. मग ही द्विरुक्ती नाही का?

उत्तर : धातू दोनदा आला आहे हे खरे. पण ‘लग्न’ हा संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द मधल्या काळात बराच प्रवास करून आला. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला त्या क्षणी लागलेली रास म्हणजे लग्न. तिच्यावरून साधलेला मुहूर्त म्हणजे लग्न. आणि त्या मुहूर्तावर होणारा विवाह तोही मराठीत लग्नच. ‘लागले’ हे त्याच धातूचे प्राकृतातून झिजून आलेले रूप आहे. भाषेने एकाच घरातली दोन माणसे दोन दारांनी आत आणली आणि एकमेकांशेजारी उभी केली. बोलणाऱ्याला ती एका घरची आहेत याची जाणीव नाही, म्हणून द्विरुक्तीचा दोषही नाही. ‘संलग्न’ म्हणताना आणि ‘घराला लागून’ म्हणतानाही हीच दोन दारे आपण आलटून पालटून उघडतो. ‘लगत’, ‘लागोपाठ’ आणि ‘लागेबांधे’ यांची नावेही याच घराच्या पाटीवर आहेत.

प्रश्न : जुन्या काव्यात ‘मजलागी’, ‘तुजलागी’ असे येते. ते ‘लागी’ हेच का?

उत्तर : हेच. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये लिहिल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या भाषेत ‘लागीं’ हे ‘ला’, ‘साठी’ या अर्थाने मुक्तपणे येते. ज्याला लागून एखादी गोष्ट आहे ती त्याच्यासाठी आहे, असा तो अर्थविकास. आणि चतुर्थीचा ‘ला’ हा प्रत्यय या ‘लागी’चेच झिजलेले रूप असावे असे एक मत भाषाभ्यासकांत आहे. ते सर्वांनी मान्य केलेले नाही, पण मला ते पटते, कारण भूक, तहान, झोप, ठेच ज्याला लागते त्याला मराठी नेमका हाच ‘ला’ जोडते. हे मत खरे असेल तर पडलेले मूल ‘मला लागले’ असे दोनच शब्द बोलते, तेव्हा त्या दोन्ही शब्दांत ‘लागणे’ आहे.